जुना आरा घेताना

उन्हाळा लागला की अमरावतीच्या बाजारात माठांच्या राशी दिसू लागतात. घरातील जाणते माणूस माठ घेताना काय करते, ते तुम्ही पाहिले असेलच. ते माठ उचलते, उन्हाकडे धरून आत डोकावते आणि बोटाने टिचकी मारते. खणखणीत आवाज आला तर माठ घरी येतो आणि बद्द आवाज आला तर तो राशीत परत जातो. दुकानदार माठाची कितीही स्तुती करो, शेवटचा निर्णय टिचकीचा असतो.

हजार-पाचशे किलो वजनाचे जुने यंत्र विकत घ्यायचे असेल, तर टिचकी कोठे मारायची? हा प्रश्न माझ्यापुढे एका जुन्या विद्यार्थ्याने आणला. परतवाड्याकडे त्याच्या घरची एक लहान आरागिरणी आहे. परतवाडा हे मेळघाटच्या पायथ्याचे, सागाच्या लाकडासाठी नावाजलेले गाव. गिरणीतील जुने यंत्र झिजून निकामी झाले होते आणि नवे घेण्याइतका पैसा घरात नव्हता. त्याने दोन जुनी यंत्रे पाहून ठेवली होती. अकोल्यात एक गोल करवत होती, २० अश्वशक्तीच्या मोटरीसह आणि किमतीला कमी. अमरावतीत ३६ इंची चाकांची पट्टा करवत होती. ती महाग होती आणि तिला मोटरही नव्हती.

“सर, अकोल्याची सस्तीत भेटून रायली, अन् मोटर बी वीसची हाय. घेऊन टाकू का?” असे तो म्हणाला.

मी त्याला म्हटले, “थांब. आधी नववी-दहावीचे पदार्थविज्ञान काढू, मग पैसे काढ.” तो हिशेब आपण आज पाहणार आहोत. त्यात तुमच्या पुस्तकाबाहेरचे फारसे काही नाही.

आधी परवाना

यंत्राच्याही आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आरागिरणी ही पिठाच्या गिरणीसारखी मनात आले की टाकता येत नाही. तिला वनविभागाचा परवाना लागतो. जंगल राखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १९९६ पासून जे आदेश दिले, त्यांत ऑक्टोबर २००२ चा आदेश महत्त्वाचा आहे. विनापरवाना आरागिरण्या बंद कराव्यात आणि केंद्रीय अधिकार समितीच्या पूर्वपरवानगीवाचून नव्या उघडू देऊ नयेत, असे त्याने राज्यांना बजावले. पुढे २०१६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लाकूड-उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा अर्जांचा विचार करण्याचे काम राज्यस्तरीय समित्यांकडे आले. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी वडिलांपासूनचा परवाना होता. तरी यंत्र बदलण्यापूर्वी वनविभागात जाऊन विचार, असे मी त्याला सांगितले. चुकीचे यंत्र निदान विकता येते; परवान्यावाचून बसवलेल्या यंत्राला मात्र कुलूप लागते.

भुसा किती, फळ्या किती?

आता करवतीकडे वळू. करवत लाकूड दुभंगत नाही, ती आपल्या वाटेतील लाकडाचा भुसा करते. म्हणून करवतीची वाट जितकी रुंद, तितके लाकूड वाया.

गोल करवतीची चकती उभी, ताठ राहायची तर ती जाड असावी लागते. ३० सेंटिमीटर जाडीचा ओंडका एका दमात चिरायचा, तर चकतीची त्रिज्या ३० सेंटिमीटरहून मोठी हवी, म्हणजे व्यास ७० सेंटिमीटरच्या घरात गेला. एवढी मोठी चकती पातळ असेल तर लाकडात थरथरेल. पट्टा करवतीचे पाते मात्र दोन चाकांवर ताणून बसवलेले असते. सतारीची तार बारीक असूनही ताणामुळे सरळ राहते, तसेच हे पाते पातळ असूनही सरळ राहते. म्हणून गोल करवतीची वाट ५ मिलिमीटर धरली, तर पट्टा करवतीची २.५ मिलिमीटर धरता येईल.

३० सेंटिमीटर जाडीचा चौरस ओंडका घ्या आणि त्याच्या २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडा. गोल करवतीने १० फळ्या निघतात. त्यांच्यामध्ये ९ काप पडतात आणि २५० अधिक ४५ मिळून २९५ मिलिमीटर संपतात. पट्टा करवतीने ११ फळ्या आणि १० काप, म्हणजे २७५ अधिक २५ मिळून बरोबर ३०० मिलिमीटर. एकाच ओंडक्यातून एक फळी जास्त! साग वाढायला दशके लागतात हे ध्यानात घेतले, तर ही एक फळी थोडी नव्हे.

ताकदीचा हिशेबही भुशावरूनच होतो. एक घनसेंटिमीटर लाकडाचा भुसा करायला लागणारी ऊर्जा लाकडाची जात, ओल आणि दात्यांची धार यांप्रमाणे बदलते. ढोबळ हिशेबासाठी आपण ती ५० ज्यूल धरू. ओंडका मिनिटाला १० मीटर या वेगाने पुढे सरकतो, असे समजा. पट्टा करवतीत दर मिनिटाला ३० × १००० × ०.२५, म्हणजे ७५०० घनसेंटिमीटर भुसा होतो. दर सेकंदाला १२५ घनसेंटिमीटर झाला. १२५ × ५० = ६२५० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा ही ताकद सुमारे साडेआठ अश्वशक्ती झाली. यंत्र रिकामे फिरवायला दोनेक अश्वशक्ती धरा. म्हणजे १५ अश्वशक्तीची मोटर पुरून उरते. गोल करवतीत वाट दुप्पट, म्हणून भुसा दुप्पट आणि नुसत्या कापण्याची ताकद सुमारे १७ अश्वशक्ती.

आता अकोल्याच्या त्या २० अश्वशक्तीच्या मोटरीकडे पाहा. “मोटर मोठी” हा त्या यंत्राचा गुण वाटत होता. प्रत्यक्षात ती मोठी होती, कारण तिला दुप्पट भुसा पाडायचा होता. त्या जास्तीच्या भुशाचे वीजबिल दर महिन्याला भरावे लागले असते.

पुलीचा धोका

येथपर्यंत ऐकून माझा विद्यार्थी खूश झाला. “मग अमरावतीचीच घेतो,” तो म्हणाला. “मोटर माझ्याकडे हाय, पंधराची. जोडली की झालं.”

येथेच खरा धोका होता. तीन फेजच्या मोटरीचा वेग विजेच्या वारंवारतेवर आणि मोटरीतील ध्रुवांच्या संख्येवर ठरतो. आपल्याकडे वारंवारता ५० हर्ट्झ आहे. चार ध्रुवांच्या मोटरीत चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटर भाराखाली त्याच्या किंचित मागे राहून १४४० च्या आसपास फिरते. सहा ध्रुवांची मोटर ९६० च्या आसपास फिरते. दोन्ही मोटरी १५ अश्वशक्तीच्या असू शकतात. अश्वशक्ती सारखी म्हणजे वेग सारखा, असे मुळीच नाही.

अमरावतीच्या यंत्रावर पूर्वी ९६० फेऱ्यांची मोटर होती. मोटरीची पुली १७५ मिलिमीटरची आणि यंत्राची २४० मिलिमीटरची. ९६० × १७५ ÷ २४० = ७००. म्हणजे करवतीचे चाक मिनिटाला ७०० फेरे घेत होते. चाकाचा व्यास ०.९ मीटर, परीघ २.८३ मीटर. यावरून पात्याचा वेग सेकंदाला ३३ मीटर येतो. ताशी जवळजवळ १२० किलोमीटर!

माझ्या विद्यार्थ्याच्या घरची मोटर १४४० फेऱ्यांची होती. ती त्याच पुल्यांवर बसवली असती, तर चाक १०५० फेरे घेऊ लागले असते आणि पाते सेकंदाला सुमारे ५० मीटर धावले असते. वेग दीडपट. पण फिरत्या चाकाच्या कडेतील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीडाचा वर्ग सव्वादोन. म्हणजे कडेवरचा ताण सव्वादोन पट! बिडाचे चाक दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. जुन्या चाकात केसाएवढी चीर असेल, तर ते फुटायला याहून अधिक निमित्त लागत नाही.

उपाय सोपा होता. यंत्राची पुली बदलून ३६० मिलिमीटरची बसवायची. १४४० × १७५ ÷ ३६० = ७००. एका पुलीचा खर्च, आणि पात्याचा वेग पूर्ववत.

या वेगातील ऊर्जाही एकदा मोजून ठेवा. दोन्ही चाकांच्या कडांचे वस्तुमान मिळून ३०० किलोग्रॅम धरले, तर गतिज ऊर्जा ½ × ३०० × ३३ × ३३, म्हणजे सुमारे १,६३,००० ज्यूल होते. हजार किलोची मोटारगाडी ताशी ६५ किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात एवढीच ऊर्जा असते. म्हणून बटन बंद केले तरी करवत लगेच थांबत नाही. ती पुरती थांबेपर्यंत हात लांब ठेवायचा, फिरत्या पट्ट्यांवर जाळी हवीच आणि गळ्यातला दुपट्टा गिरणीच्या दाराबाहेर खुंटीला टांगायचा. हे नियम घालून देणारा शिपाई म्हणजे वरचे समीकरण.

टिचकी कोठे मारायची?

जुन्या यंत्राची परीक्षा आता पाहू. माठाची युक्ती येथे खरोखर चालते. पाते आणि पट्टे काढून चाक दोराने अधांतरी टांगावे आणि लहान हातोडीने कडेवर हलकेच ठोकावे. निर्दोष चाक घंटेसारखे नाद देते. चीर असेल तर कंपने चिरेपाशी घासून विरतात आणि आवाज बद्द येतो. रेल्वेतही डब्यांची चाके हातोडीने ठोकून तपासण्याची रीत होती. तिच्यामागचे तत्त्व हेच.

मग चाकाचा दांडा हाताने वर-खाली हलवून पाहावा. खडखड जाणवली तर बेअरिंग झिजले आहे. बेअरिंग बदलता येते, त्यामुळे तेवढ्याने यंत्र टाकून देण्याचे कारण नाही. किंमत कमी करून घेण्याचे मात्र आहे. दोन्ही चाके एका पातळीत आहेत की नाही, हे गवंड्याचा ओळंबा लावून दिसते. सांगाडा वाकलेला किंवा जागोजाग जोड दिलेला असेल, तर ते यंत्र सोडून द्यावे.

पात्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लोखंडी तार मागे-पुढे वाकवून तुम्ही तोडली असेल. एकदा वाकवली तर ती तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पट्टा करवतीचे पाते ६ मीटर लांब असेल, तर ३३ मीटर वेगाने ते सेकंदाला साडेपाच फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात दोन चाकांवर दोनदा वाकते. म्हणजे सेकंदाला ११ वेळा आणि तासाला जवळजवळ ४०,००० वेळा! म्हणूनच पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नसावी, असा कारागिरांचा दंडक आहे. ९०० मिलिमीटरच्या चाकाला ०.९ मिलिमीटरचे पाते. “जाड पाते जास्त टिकेल” हा समज येथे उलटा ठरतो, कारण जाड पाते वाकताना अधिक ताण सोसते.

लाकूडही पात्याची परीक्षा घेते. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. त्याने दात्यांची धार लवकर जाते. शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ किंवा कडुनिंब चिरायला आला, तर त्यात कुंपणाची जुनी तार किंवा खिळा गडप झालेला असू शकतो. धावत्या पात्याला तो लागला की पाते तुटून बाहेर फेकले जाते. साल काढून ओंडका नीट पाहिल्यावाचून यंत्रावर चढवू नये.

मोटर जुनी असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. इन्सुलेशनचा रोध मेगरने मोजावा. तो निदान एक मेगओहम तरी हवा. तिन्ही गुंडाळ्यांचा रोध सारखा हवा. आणि मोटर रिकामी चालवून तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा; तोही जवळजवळ सारखा हवा. एका फेजचा प्रवाह वेगळा आला, तर मोटर पुन्हा गुंडाळताना काही तरी चुकले आहे, असे समजावे.

वीज आहे, पण किती?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्या ५०० मेगावॅटमध्ये ११ किलोवॅटच्या, म्हणजे आपल्या १५ अश्वशक्तीच्या मोटरीएवढ्या, ४५,००० मोटरी चालतील. मग परतवाड्याच्या वाटेवरची एक मोटर का जळावी?

कारण मोटरीला पारसची वीज मिळत नाही, तिला तारेच्या टोकाला उरलेले व्होल्टेज मिळते. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत आणि संत्र्याच्या बागांना पाणी देताना, एकाच रोहित्रावर अनेक पंप चालू होतात. प्रवाह वाढतो, ओहमच्या नियमाप्रमाणे तारेतच व्होल्टेज खर्ची पडते आणि टोकाच्या ग्राहकाला उरलेसुरले मिळते.

मी विद्यार्थ्याला आठ दिवस, दिवसातून चार वेळा, मोटरीच्या अग्रांवरचे व्होल्टेज वहीत टिपायला सांगितले. पाट्यावर ४१५ व्होल्ट लिहिलेले. त्याला दुपारी ४०५ मिळाले, पण सकाळच्या ओलिताच्या वेळी मोटर चालू असताना फक्त ३६०.

३६० आणि ४१५ यांचे गुणोत्तर ०.८७. फार वाईट नाही, असे वाटेल. पण मोटरीचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.८७ चा वर्ग सुमारे ०.७५. म्हणजे मोटरीची पेलण्याची कमाल क्षमता तीन चतुर्थांश राहिली. इकडे लाकूड तर तेवढेच कापायचे आहे. तेव्हा मोटर व्होल्टेजची तूट प्रवाहाने भरून काढते. ४१५ व्होल्टला पूर्ण भारावर २१ अँपिअर घेणारी मोटर ३६० ला २४ अँपिअरच्या वर घेते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ती चार तृतीयांश पट. जोर पाऊणपट आणि ताप सव्वापटीहून अधिक! “मोटर जळाली” या दोन शब्दांत हेच गणित असते. गावातले जुने मालक रोहित्राच्या शेजारी बसून जे यंत्र वीस वर्षे सुखाने चालवतात, तेच यंत्र तारेच्या टोकाला नेले की वर्षात जळते. दोष यंत्राचा नसतो.

सुरू होतानाची गोष्ट तर याहून कठीण. मोटर थेट चालू केली तर क्षणभर पूर्ण भाराच्या सुमारे सहापट प्रवाह घेते. येथे १२५ अँपिअर. म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. त्याने हा प्रवाह एक तृतीयांशावर, म्हणजे ४२ अँपिअरवर येतो. पण जोरही एक तृतीयांशच होतो. त्यात व्होल्टेज ३६० असेल तर पाऊण भाग आणखी गुणा. एक तृतीयांशाचा पाऊण भाग म्हणजे एक चतुर्थांश. एवढ्या जोरावर ती जड चाके वेग घ्यायला बराच वेळ लावतात. म्हणून करवत नेहमी रिकामी सुरू करावी आणि पुरा वेग आल्यावरच लाकूड लावावे.

तार बदलून किती फरक पडतो? विद्युतमापकापासून त्याची शेड १२० मीटर आत होती आणि तार १० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची. तिचा रोध सुमारे ०.३४ ओहम. २१ अँपिअरला दर फेजमागे ७ व्होल्ट आणि दोन फेजांमध्ये १२ व्होल्ट तारेतच जात होते. २५ चौरस मिलिमीटरची तार घातली की ही घट ५ व्होल्टवर येते. सात व्होल्ट वाचले. उरलेली तूट बाहेरच्या वाहिनीत होती; तिच्यासाठी वहीतल्या नोंदी जोडून वीज कंपनीकडे अर्ज करायचा आणि तोवर जड ओंडके दुपारी चिरायचे. याशिवाय एक फेज गेली की मोटर आपोआप बंद करणारे साधन बसवणे आवश्यक होते. चालू मोटरीची एक फेज गेली तर ती उरलेल्या दोहोंवर धापा टाकत फिरत राहते आणि काही मिनिटांत जळते.

डिझेलचे काय?

“मग इंजिनच लावतो,” असेही त्याच्या मनात होते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. त्यातील तीनेक किलोवॅट-तास इंजिनाच्या दांड्यावर मिळतात, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा ११ किलोवॅटसाठी तासाला साडेतीन लिटरच्या आसपास डिझेल लागेल. आजचे डिझेलचे आणि विजेचे दर घेऊन पुढचा हिशेब तुम्हीच करा. इंजिन घ्यायचेच असेल, तर ते पट्ट्याने थेट करवतीला जोडणे बरे. जनित्र घेऊन त्यावर मोटर चालवायची, तर मोटर सुरू होतानाचा प्रवाह पेलणारे, दुप्पट-तिप्पट क्षमतेचे जनित्र लागते.

शेवटी त्याने अमरावतीची करवत घेतली. वरच्या चाकाचा आवाज बद्द आला म्हणून विकणाऱ्याने दुसरे चाक बसवून दिले. पुली बदलली, तार बदलली, आणि व्होल्टमीटर आता शेडच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असा लावलेला आहे. ३७० च्या खाली काटा आला की करवत थांबवायची, असा त्याचा नियम आहे.

करून पाहा

१. तुमच्या घरच्या किंवा शेतातल्या पंपाच्या मोटरीवरील पाटी वाचा. अश्वशक्ती, व्होल्टेज, प्रवाह आणि फेरे वहीत लिहा. फेऱ्यांवरून ध्रुवांची संख्या काढा.

२. व्होल्टेज ४१५ वरून ३३२ वर आले, तर मोटरीचा टॉर्क मूळच्या किती टक्के राहील?

३. ३० सेंटिमीटरच्या ओंडक्यातून २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडायच्या आहेत. दोन्ही करवतींनी किती फळ्या निघतील? उरलेल्या लाकडाचाही हिशेब मांडा.

४. शिक्षकांच्या देखरेखीखाली जवळची पिठाची गिरणी पाहायला जा. दोन पुल्यांचे व्यास, मोटर बंद असताना, मोजून जात्याचे फेरे काढा. गिरणीवाल्याला आकडा सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका.